मुळशीचे पाणी, मुंबईची वीज

काही वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता पौडजवळच्या एका शाळेतील मुलांबरोबर मुळशीच्या तळ्याकाठी जाण्याचा योग आला. त्या दिवशी वारा चांगलाच होता. तळे काठोकाठ भरलेले, आणि त्यावर हातभर उंचीच्या लाटा येऊन काठच्या दगडांवर फुटत होत्या. आठवीतली एक मुलगी बराच वेळ त्या लाटांकडे बघत उभी होती. तिने विचारले, "सर, लाटांपासून वीज करता येते असे आम्हाला शिकवले आहे. मुंबईला तर सगळीकडून समुद्र आहे. मग मुंबईच्या विजेसाठी आमच्याकडे धरण कशाला बांधले?"

तिच्या वर्गशिक्षकांनी माझ्याकडे पाहिले, मी तळ्याकडे पाहिले. या प्रश्नाचे अर्धे उत्तर पदार्थविज्ञानात आहे आणि अर्धे इतिहासात. त्या दिवशी मी पहिले अर्धे कसेबसे दिले. दुसरे अर्धे देण्याइतका वेळ नव्हता आणि, खरे सांगायचे तर, तयारीही नव्हती. हा लेख त्या राहिलेल्या उत्तरासाठी.

मुंबई मुळात सात बेटांची. भर घालून ती एक झाली तरी तिच्या पोटात ना कोळसा होता, ना धबधबा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, त्या वाफेवर. वाफेसाठी कोळसा, आणि कोळसा यायचा बंगालच्या खाणींतून. दीड हजारांहून अधिक किलोमीटरची वाहतूक, तिचा खर्च, वेळेवर न येणे आणि गिरणगावावर कायमचा पसरलेला धूर. जमशेदजी टाटा स्वतः गिरणीमालक होते, त्यामुळे ही अडचण त्यांना आतून ठाऊक होती. सह्याद्रीच्या माथ्यावरचे पावसाचे पाणी अडवून कोकणात सोडावे आणि त्याची वीज मुंबईला न्यावी, ही कल्पना त्यांच्यापुढे मांडणाऱ्यांत डेव्हिड गॉसलिंग या मुंबईतल्या वास्तुविशारदाचे नाव घेतले जाते. जमशेदजी १९०४ साली वारले. पुढे त्यांच्या मुलांनी ही योजना तडीस नेली. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली, १९११ मध्ये लोणावळ्याजवळ वळवणच्या धरणाची कोनशिला बसली आणि १९१५ साली घाटाखाली खोपोलीला वीज तयार होऊ लागली. १९२२ मध्ये आंध्रा नदीच्या पाण्यावर भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. तिसरे पाऊल मुळशीत पडले. मुळा नदीवर धरण, आणि घाटाखाली कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, भिरा येथे वीजकेंद्र. ते १९२७ साली चालू झाले.

आता जरा विज्ञानाकडे. घाटमाथ्याची ही जागा इंजिनिअरांना इतकी मोहक का वाटली असेल?

मुळशीचे तळे समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. त्याच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर सह्याद्रीचा कडा एकदम तुटतो आणि खाली कुंडलिकेचे खोरे लागते. तळ्याचे पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने काढून पोलादी नळांतून खाली सोडले की त्याला साधारण पाचशे मीटरची उतरण मिळते. एक घनमीटर, म्हणजे एक टन, पाणी घ्या. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची हे सूत्र नववीच्या मुलांना येते. १००० × ९.८ × ५०० म्हणजे ४९ लाख ज्यूल. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. यंत्रांत होणारी घट वजा केली तरी एका घनमीटरमागे सव्वा युनिटच्या जरा आत, सुमारे १.१५ युनिट वीज हाती येते. घरातला एक किलोवॉटचा हीटर तासभर चालला की मुळशीच्या तळ्यातून पंधरा लिटरच्या जवळजवळ साठ बादल्या भिऱ्याला ओतल्या गेल्या, असे समजावे. हा हिशेब वर्गात शाळेच्या वीजबिलावर करून घ्यावा. मुले आकडा पाहून गप्प होतात, असा माझा अनुभव आहे.

एवढ्या उंचीवरून आलेले पाणी नळाच्या तोंडातून बाहेर पडते तेव्हा त्याचा वेग काढून पाहू. घर्षण सोडून दिले तर २ × ९.८ × ५०० चे वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ९९ मीटर, ताशी साडेतीनशे किलोमीटर! अशा झोतासाठी वेगळ्या प्रकारचे चक्र लागते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरात काम करणाऱ्या लेस्टर पेल्टन या कारागिराने ते बनवले आणि १८८० साली त्याचे पेटंट घेतले. चाकाच्या परिघावर वाट्यांच्या जोड्या बसवलेल्या, आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये एक धारदार कणा. झोत कण्यावर आपटतो, दुभंगतो आणि दोन्ही वाट्यांतून वळून जवळजवळ उलट दिशेने फिरतो. वाटी झोताच्या निम्म्या वेगाने पळत असेल तर पाणी आपली जवळपास सगळी गतिज ऊर्जा चाकाला देऊन निमूटपणे खाली गळते. भिऱ्याला अशा पेल्टन चक्रांवर चालणारे प्रत्येकी २५ मेगावॉटचे सहा संच आहेत. १९९० च्या दशकात तेथे १५० मेगावॉटचा आणखी एक संच बसवला गेला. त्याचे वैशिष्ट्य असे की तो उलटाही चालतो. विजेला मागणी कमी असते त्या वेळी खालचे पाणी तो पुन्हा वर तळ्यात चढवतो, आणि मागणी वाढली की तेच पाणी परत खाली आणतो.

पण पाणी मुळात एवढ्या उंचीवर चढवले कोणी? सूर्याने. अरबी समुद्रावरून उठलेली वाफ नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर येते आणि सह्याद्रीला थडकून पडते. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो. तेथून पुण्यापर्यंत येईतो तो सातशेच्या आसपास उरतो. गंमत म्हणजे निसर्गाचा हा पंप फार उधळा आहे. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे चोवीसशे किलोज्यूल ऊर्जा लागते, आणि तेच पाणी सहाशे मीटर उंच नेऊन ठेवायला जेमतेम सहा. म्हणजे सूर्य चारशे रुपये खर्च करतो तेव्हा उंचीच्या रूपाने आपल्या हाती एक रुपया पडतो. तरी तो पुरतो, कारण खर्च करणारा श्रीमंत आहे.

समुद्रावरच्या लाटाही त्याच श्रीमंताच्या. सूर्यामुळे वारा, वाऱ्यामुळे लाट. त्यांतून काम करून घ्यावे ही कल्पनाही जुनी आहे. पॅरिसमध्ये जिरार नावाच्या पितापुत्रांनी १७९९ सालीच तसे पेटंट घेतले होते. पुढे जपानमध्ये योशिओ मासुदा यांनी लाटांवर चालणारे तरंगते मार्गदर्शक दिवे केले. १९७३ च्या तेलसंकटानंतर एडिंबरा विद्यापीठातील स्टीफन सॉल्टर यांनी १९७४ साली लाटेवर डुलणाऱ्या 'बदका'ची रचना मांडली आणि जगभरच्या प्रयोगशाळांचे तिकडे लक्ष गेले. आपल्याकडे मद्रासच्या आयआयटीने केरळातील विळिंजम बंदराच्या लाटारोधक भिंतीला लागून १५० किलोवॉटचे केंद्र उभारले. ते १९९१ मध्ये सुरू झाले. काँक्रीटची एक प्रचंड पोकळ पेटी, तळाशी समुद्राला उघडी. लाट आत शिरली की पेटीतले पाणी वर येते आणि वरची हवा बाहेर ढकलते, लाट उतरली की हवा आत ओढली जाते. लोहाराच्या भात्याची आठवण यावी. हवा आत जावो वा बाहेर, चक्र एकाच दिशेने फिरावे यासाठी बेलफास्टच्या ॲलन वेल्स यांनी शोधलेल्या रचनेची चक्री तेथे वापरली होती. स्कॉटलंडच्या आयला बेटावर याच तत्त्वावरचे ५०० किलोवॉटचे केंद्र २००० साली सुरू झाले. विळिंजमचे आणि आयलाचे, दोन्ही केंद्रे पुढे बंद झाली. खारे पाणी, वादळे, झिजणारे भाग आणि लाटेचा लहरीपणा यांच्याशी झगडताना ही वीज महाग पडत आली आहे. जेथे बोटीने डिझेल नेऊन वीज करावी लागते अशा दूरच्या बेटांना मात्र ती आजही खुणावते.

तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे. मुंबईला वीज हवी होती तेव्हा, १९१० च्या सुमारास, लाटांपासून शहराला पुरेल अशी वीज करण्याचे यंत्र जगात कोणाकडेच नव्हते. पाण्याचे चक्र आणि जनित्र मात्र तयार होते. पण आज ते यंत्र आहे असे धरून एक हिशेब करू. समजा वर्षभरात मुळशीचे ४५ कोटी घनमीटर पाणी भिऱ्याला उतरले. त्याची पन्नास कोटी युनिटच्या आसपास वीज होईल. वर्षाचे तास ८७६०. म्हणजे सरासरी शक्ती सुमारे ५७,००० किलोवॉट. आपल्या किनाऱ्यावर एक मीटर रुंदीच्या लाटेबरोबर वर्षाच्या सरासरीने दहा किलोवॉट शक्ती येते असे धरू, आणि त्यातला पाचवा हिस्सा पकडता येतो असे मानू. मीटरमागे दोन किलोवॉट. म्हणजे साडेअठ्ठावीस किलोमीटर लांब यंत्रांची रांग. कुलाब्यापासून निघाले तर ती वर्सोव्याला जाऊन भिडते. या पट्ट्यात कुलाबा, वरळी, माहीम, वर्सोवा असे कोळीवाडे आहेत. त्यांच्या होड्या कोठून बाहेर पडणार, हा प्रश्न लगेच उभा राहतो. पसरलेली ऊर्जा गोळा करायची म्हणजे पसरलेली जागा लागते, आणि ती जागा बहुधा कोणाची तरी असते.

मुळशीत ती मावळ्यांची होती.

पाऊस चार महिने पडतो आणि गिरणी बारा महिने चालते. लाट साठवता येत नाही, पाणी येते. हाच पाण्याचा मोठा फायदा. पण साठवायला भांडे हवे. सुमारे ४९ मीटर उंच आणि दीड किलोमीटर लांब दगडी भिंतीमागे जे भांडे तयार झाले त्यात पन्नास कोटी घनमीटरहून जास्त पाणी मावते, आणि त्या भांड्याच्या तळाशी भाताची खाचरे होती. आंबेमोहोरासाठी नावाजलेला हा मुलूख. बाधित गावांचा आकडा वेगवेगळा सांगतात, पण मुळशी पेट्यातली पन्नासच्या वर गावे आणि दहा हजारांवर माणसे हे प्रमाण सर्वमान्य आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत जलविद्युत म्हणजे स्वस्त आणि प्रदूषणरहित, एवढे एका ओळीत लिहून धडा पुढे जातो. त्या ओळीला मुळशीचे एक वाक्य जोडायला फार शाई लागली नसती.

जमीन घेतली गेली १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. कंपनी खासगी, पण सरकारने तिच्यासाठी कायदा वापरला. रीतसर ताबा होण्याआधीच शेतांत चर खणले जाऊ लागले, तेव्हा लोक बिथरले. पुण्यात सभा झाल्या, न. चिं. केळकर, शि. म. परांजपे यांच्यासारखी मंडळी पाठीशी उभी राहिली. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. हजाराहून अधिक मावळे बांधाच्या कामावर गेले आणि तेथेच बसले, आडवे झाले. बायका, मुले, म्हातारी माणसे सगळी त्यांत होती. काम थांबले. त्याच महिन्यात गांधीजींनी 'यंग इंडिया'त टाटांना आपल्या भूमिकेचा फेरविचार करण्याची विनंती केली. कंपनीने काम तात्पुरते बंद ठेवले. असहकाराच्या त्या वर्षात हा मोठाच विजय वाटला असणार.

या लढ्याचे नेते पांडुरंग महादेव बापट. पारनेरचे, जन्म १८८०. त्यांच्याविषयी एक गोष्ट मला नेहमी चटका लावते. हे गृहस्थ शिष्यवृत्ती मिळवून इंजिनिअरिंग शिकायला परदेशी गेले होते, आणि तेही एडिंबरालाच. तेथे राजकीय भाषणापायी शिष्यवृत्ती गेली, मग पॅरिसला जाऊन बॉम्ब बनवण्याची कृती मिळवली आणि ते परतले. ज्या शहरात पुढे सत्तर वर्षांनी सॉल्टर यांचे बदक जन्मले, तेथेच यंत्रविद्या शिकलेला माणूस मुळशीच्या यंत्रापुढे आडवा झाला. यंत्राविषयीचे अज्ञान हे त्याचे कारण नव्हते, एवढे तरी यावरून म्हणता येते. 'सेनापती' ही त्यांची पदवी मुळशीतली. 'जान किंवा जमीन' ही तेथली घोषणा. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे सहकारी. त्यांनी या लढ्याचा इतिहास नंतर पुस्तकरूपाने लिहून ठेवला.

१९२१ च्या अखेरीस काम पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहही. धरपकड, तुरुंग, पुन्हा सत्याग्रह. पण आत एक भेग होती. जमिनीचा बराच भाग कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे होता, कसणारे मावळे कुळे किंवा कर्जदार होते. सावकाराला जमिनीची चांगली किंमत मिळाली की त्याचे काम भागत होते. मावळ्याला किंमत घेऊन जायला दुसरी जमीन नव्हती. मोबदल्याचा आकडा वर सरकला तसा एक पक्ष ढिला पडत गेला. राजेंद्र व्होरा यांनी या आंदोलनाचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच मुळशीला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटले आहे. लढा का हरला हे समजून घ्यायचे तर त्यातले सावकार आणि कुळ यांचे प्रकरण जरूर वाचावे. इंग्रज सरकार आणि भांडवलदार एवढेच सांगून गोष्ट पुरी होत नाही.

शेवट अहिंसक झाला नाही. १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी आणि त्यांच्या मोजक्या साथीदारांनी धरणाच्या कामावरची आगगाडी अडवली, शस्त्रे चालली, आणि बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते १९३१ मध्ये सुटले तेव्हा भिऱ्याचे केंद्र चालू होऊन चार वर्षे झाली होती. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ पासून बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावत होती आणि १९३० पासून 'डेक्कन क्वीन' विजेवर घाट चढत होती. मावळी कुटुंबांपैकी काही तळ्याच्या काठाने वर सरकली, काही गाव सोडून लांब गेली.

एका तपशिलाकडे तेव्हा फारसे कोणाचे लक्ष गेले नसावे, तो आज पुढे आला आहे. मुळा ही पूर्वेकडे वाहणारी नदी. धरण नसते तर हे सगळे पाणी पुण्याजवळ मुठेला, पुढे भीमेला, मग कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात गेले असते. भिऱ्याकडे वळवल्यामुळे ते पश्चिमेला गेले. कृष्णा खोऱ्याचे पाणी महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांच्यात वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने १९७० च्या दशकात यालाही मर्यादा घालून दिली. टाटांच्या सर्व धरणांतून मिळून खोऱ्याबाहेर कोणत्याही एका वर्षात ५४.५ टीएमसीहून आणि सलग पाच वर्षांत २१२ टीएमसीहून अधिक पाणी वळवायचे नाही. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २.८३ कोटी घनमीटर. भीमेच्या खोऱ्यात टंचाई पडली की हे पाणी पूर्वेलाच सोडा अशी मागणी होते. वाढते पुणेही मुळशीकडे डोळे लावून आहे. मुळशीच्या एका घनमीटरचे भिऱ्याला सव्वा युनिट होते, सोलापूरकडे त्याचे पीक होते, पुण्यात ते एका कुटुंबाला एक-दोन दिवस पुरते. आठवी-नववीच्या वर्गाला वादविवादासाठी याहून चांगला विषय मला सुचत नाही. पौडच्या मुलांनी कोणत्या बाजूने बोलायचे हे मात्र त्यांचे त्यांनाच ठरवू द्यावे.

भिऱ्याच्या चक्रांतून गळून पडलेले पाणी वाया जात नाही. त्या अवजलावर राज्य वीज मंडळाने १९८० च्या दशकात ८० मेगावॉटचे आणखी एक केंद्र उभारले. तेथून पाणी कुंडलिकेत येते. सकाळी वर विजेसाठी पाणी सुटले की कोलाडजवळ नदी फुगते आणि रबरी होड्या घेऊन बसलेली मंडळी तिच्यात उतरतात. पुढे रोह्याच्या कारखान्यांचे आणि शेतीचे भागवून ते रेवदंड्याच्या खाडीत शिरते आणि अरबी समुद्राला मिळते. मावळात पडायला ते निघाले होते तेथूनच.